सावकारी पाश : हरवलेला मूकपट, टिकलेली आठवण



इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह डोळ्यांसमोर उभे राहतात. आज आम्ही एका चित्रपटाचा इतिहास सांगणार आहोत. तो या सभागृहातील फार थोड्यांनी पाहिला असेल आणि आज पाहू म्हटले तरी सहज मिळायचा नाही. आम्हीही तो पाहिलेला नाही. आम्ही तो ऐकला आहे.

चित्रपटाचे नाव ‘सावकारी पाश’. बाबुराव पेंटर यांनी कोल्हापुरात, आपल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत, १९२५ साली तो मूकपट म्हणून काढला. कथा नारायण हरी आपटे यांची. तरुण शेतकऱ्याचे काम व्ही. शांताराम यांनी केले. सावकाराच्या कर्जापायी या शेतकऱ्याची जमीन जाते, घर मोडते आणि तो शहरात येऊन गिरणी कामगार होतो. त्या काळी पडद्यावर देव, राक्षस आणि शूर सरदार यांचे राज्य होते. फाटक्या कपड्यांतील कुळवाडी पाहायला लोक तयार नव्हते. चित्रपट चालला नाही. पण पेंटरांच्या मनातून तो गेला नाही. अकरा वर्षांनी, १९३६ साली, शालिनी सिनेटोनसाठी त्यांनी तोच विषय बोलपट करून पुन्हा काढला. अपेशी ठरलेल्या विषयाकडे कलावंत असा परत येतो, तेव्हा तो विषय धंद्याचा नसतो, जिव्हाळ्याचा असतो.

हा जिव्हाळा कोठून आला, हे समजण्यासाठी आणखी मागे जावे लागेल. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर उठले. त्यांचा मुख्य रोख माणसांवर नव्हता, कागदांवर होता. खते, रोखे हिसकावून त्यांनी जाळले. पुढे १८७९ साली सरकारने कायदा करून रोख्यामागचा व्यवहार तपासण्याचा अधिकार कोर्टाला दिला. कायदा झाला, तरी पाश सुटला नाही. ज्याला अक्षर येत नाही, त्याचा अंगठा दुसऱ्याच्या हाती असतो.

आमचे आजोबा कोल्हापूरकडचे. त्यांची दोन एकर जमीन अशाच एका कागदाने गेली आणि ते मुंबईत येऊन साचेखात्यात बदली कामगार म्हणून लागले. १९३६चा बोलपट त्यांनी एकदाच पाहिला आणि पुढे चाळीस-पंचेचाळीस वर्षे चाळीच्या गॅलरीत बसून तो सांगितला. सुरुवात नेहमी एकच : अंधारात एक उदास झोपडी, आणि कुत्रे रडते आहे. पुढे वाचनालयात आमच्या वाचनात आले की, निर्माते जे. बी. एच. वाडिया यांच्याही मनात नेमके हेच दृश्य घर करून राहिले होते. स्टुडिओचा मालक आणि बदली कामगार यांना एकच झोपडी आठवावी, याहून मोठी पावती बाबुरावांना कोणती हवी?

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आजोबांच्या ‘सावकारी पाश’चा शेवट संपाने व्हायचा. गिरणीचा भोंगा वाजतो आणि एकही माणूस आत जात नाही! या चित्रपटाची जी वर्णने आम्ही वाचली, त्यांत असा संप आम्हांस कोठेही आढळला नाही. मग हा संप आला कोठून? ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईच्या कामगारांनी एक दिवसाचा संप केला. त्यात आजोबा होते. आमची समजूत अशी की, तो दिवस त्यांनी चित्रपटाला जोडून टाकला. याला कोणी खोटे म्हणेल. आम्ही म्हणतो, प्रेक्षकाने आपल्या कमाईतून चित्रपटाला घातलेली ही भर आहे. चित्रपटाचा पुरावा म्हणून ती निकामी, प्रेक्षकाचा पुरावा म्हणून अस्सल.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला, तेव्हा आम्ही शाळकरी होतो. ज्यांची शेती होती ते गावी गेले. आमच्या वडिलांना जायला शेत नव्हते. आठव्या महिन्यात त्यांनी चाळीतल्याच एकाकडून व्याजाने पैसे घेतले आणि कागदावर सही केली. वडील सातवी शिकलेले. अंगठ्याची सही झाली, एवढीच काय ती प्रगती. त्या रात्री आजोबांनी ‘सावकारी पाश’ पुन्हा सांगितला. झोपडी सांगितली, कुत्रे सांगितले, आणि संपापाशी येऊन गप्प झाले. शेवट त्यांनी सांगितला नाही. त्यानंतर तो चित्रपट आमच्या घरात कोणी सांगितला नाही.

मूकपटाची प्रत आज उपलब्ध नाही. जुन्या फिती नायट्रेटच्या. चटकन पेट घेत. कित्येक फिती त्यांतल्या चांदीसाठी मोडीत गेल्या. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले १९६४ साली. तोवर पुष्कळ काही गेले होते. पण इतरांना दोष देण्यापूर्वी आम्ही आपल्याच कचेरीतील कपाट उघडले. संपाच्या काळातील पावत्या, हस्तपत्रके, सभांचे वृत्तांत, निम्म्याहून अधिक वाळवीने खाल्ले होते.

शेतकऱ्यांनी १८७५ साली कागद जाळले, कारण ते सावकाराचे होते. आपले कागद जपणे हे आता आपले काम आहे. घरी म्हातारी माणसे असतील, तर त्यांनी पाहिलेला एखादा जुना चित्रपट त्यांना सांगायला लावा, आणि लिहून घ्या. चुकीचा शेवट सांगितला, तर तोही लिहून घ्या.