टायमिंग चेन उपनगरात आली तेव्हा

मुलुंडच्या आमच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्याला १९८५ पर्यंत टायमिंग चेनशी काही देणंघेणं नव्हतं. राजदूत, जावा, येझदी सगळ्या टू-स्ट्रोक. व्हॉल्व्हच नाहीत, तर कॅम कुठला आणि त्याची चेन कुठली? बुलेटला व्हॉल्व्ह होते, पण तिचे कॅम दात्यांच्या चाकांवर फिरायचे आणि पुशरॉड वरचं काम करायचे. प्रायमरी चेन मात्र हाताखालची. शेजारच्या भांडुपला ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाच्या कारखान्यात १९५० च्या दशकापासून लॅम्ब्रेटा बनत होती. तिच्या पोटातली दुपदरी चेन इथल्या फिटर लोकांनी कितीदा काढली-बसवली असेल! पण ती क्रँकची ताकद क्लचकडे नेणारी, व्हॉल्व्हशी तिचा संबंध नाही.

१९८५ ला हिरो होंडाची सीडी १०० आली. फोर-स्ट्रोक, ९७ सीसी, आडवं इंजिन, कॅम थेट हेडमध्ये आणि त्याला फिरवायला टायमिंग चेन. चाळीस हजार किलोमीटरनंतर डाव्या बाजूला खुळखुळ सुरू झाली की आम्ही कंपनीतले फिटर रविवारी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गाडी उघडायचो. डावं कव्हर, मग मॅग्नेट. तो पुलरशिवाय निघत नाही. हातोडी मारलीत तर क्रँक वाकडा होईल, वर शेजारी ओरडतील ते वेगळंच. मॅग्नेटच्या मागे चेन. नवी बसवताना मॅग्नेटवरची ‘टी’ खूण इंजिनवरच्या रेघेशी आणि कॅम स्प्रॉकेटवरची गोल खूण हेडवरच्या खाचेशी जुळवायची. एक दात इकडचा तिकडे झाला, तरी गाडी रडत चालते.

चेन तोडून रिव्हेट मारायची वेळ इथे जवळपास आलीच नाही, कारण चेन एका कडेला. होंडाच्या सीबी ३५०सारख्या १९६८ च्या जुन्या ट्विनमध्ये ती दोन सिलिंडरच्या मधून जाते. तिथे अख्खं इंजिन फोडण्याऐवजी जुनी चेन कापतात, तिच्या टोकाला नवी तारेनं बांधतात, क्रँक हळू फिरवत ओढून घेतात आणि वर पिन ठोकतात. खाली आधी फडकं कोंबायचं, नाहीतर पिनचा तुकडा थेट केसमध्ये.

ज्यांना घरीच करायचंय त्यांनी आधी चेन कुठून जाते ते बघा. कडेला असेल तर अखंड चेनच घ्या आणि पुलर आणा. मधून असेल तर रिव्हेटचं टूल असलेला माणूस गाठा. सायकलचा चेन लॉक मात्र कॅमला चुकूनही लावू नका.