बायजाबाईंच्या छावणीतील घोडेस्वारी

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या भाचीने घोड्यावर बसायला शिकण्याचा हट्ट धरला. मुलींसाठी पंधरा दिवसांचे शिबिर होते. पहाटे तबेल्यात जायचे, घोड्याला खरारा करायचा, खोगीर आवळायचे आणि मग रिंगणात दुडकी शिकायची. आमच्या आत्याबाईंना हे मुळीच रुचले नाही. "मुलीच्या जातीला हे साहेबी खूळ हवंय कशाला?" असा त्यांचा रोकडा सवाल. पोर हिरमुसली होऊन माझ्याकडे आली. "मामा, तुम्ही इतिहासाची एवढी पुस्तकं वाचता, आता तुम्हीच आजीला सांगा ना!"

आत्याबाईंना त्या संध्याकाळी जी हकीकत सांगितली, तीच आज फराळाच्या ताटाबरोबर वाचकांपुढे ठेवतो.

साल १८३५, महिना एप्रिलचा. उत्तर हिंदुस्थानात गंगेच्या काठी फत्तेगड येथे बायजाबाई शिंदे यांची छावणी पडली होती. बायजाबाई ही मूळची आपल्या कागलची, सर्जेराव घाटग्यांची लेक. १७९८ मध्ये दौलतराव शिंद्यांशी तिचे लग्न झाले. १८२७ मध्ये दौलतराव निवर्तले आणि पुढे सहा वर्षे ग्वाल्हेरचा कारभार या बाईने चालविला. मग दत्तकपुत्र जनकोजीराव यांच्याशी बेबनाव झाला, फौज उलटली आणि १८३३ मध्ये बाईला ग्वाल्हेर सोडावे लागले. त्या धावपळीतच तिची कन्या तापाने दगावली. राज्य गेले, लेक गेली, वर कंपनी सरकारची नजर. उरली ती आईवेगळी नात गजराराजा, थोडी माणसे आणि घोडे.

अशा दिवसांत एक इंग्रज बाई तिच्या भेटीला आली. तिचे नाव फॅनी पार्क्स. नवरा अलाहाबादेस कंपनीच्या जकात खात्यात. ही मोठी चौकस बाई. तिला हिंदुस्थानी बोलता येई, सतारही थोडीफार वाजविता येई. तिने पुढे १८५० मध्ये आपल्या प्रवासाचे पुस्तक लंडनला छापले. आपल्या लोकांनी लिहून ठेवायला हवी होती अशी ही हकीकत त्या परक्या बाईच्या पुस्तकामुळे शिल्लक राहिली.

बायजाबाई तरुणपणी नामांकित घोडेस्वार होती. आता वयामुळे तिची रपेट सुटली होती, पण घरातल्या मुली आणि दासी जनान्याच्या आवारात घोडे फेकीत असत. नातीची तर त्यात विशेष ख्याती. साहजिकच गोष्ट निघाली, विलायतेच्या बायका घोड्यावर बसतात तरी कशा? फॅनीबाईंनी आपला घोडा आणि खोगीर मागवून प्रात्यक्षिकच करून दाखविले. लांब घोळदार झगा आणि दोन्ही पाय एकाच अंगाला सोडलेले! छावणीतल्या बायका चकित झाल्या. बाईमाणसाने असे वाकडे, एका कुशीवर बसावे, ही त्यांना गंमतच वाटली.

मग पाळी आली मराठी पद्धतीची. फॅनीबाईंना मराठी पोशाख नेसविला, घोड्यावर दोन्हीकडे टांग टाकून बसविले आणि त्या आवारात दौडल्या. अनुभव असा की, त्या पुरत्या फिदा झाल्या. बायकांना एका अंगाला बसायला लावण्याचा दोष त्यांनी आपल्याच एलिझाबेथ राणीच्या माथी मारला आणि तिचा हा केवढा मूर्खपणा, असे लिहून मोकळ्या झाल्या!

यातले मर्म खोगिरात आहे तसे लुगड्यातही आहे. विलायती झग्यात दोन पाय वेगळे करण्याची सोयच नव्हती. आपल्या लुगड्याचा काष्टा मागे खोचला की अंग झाकलेले राहते आणि मांड मोकळी होते. दोन्ही गुडघ्यांची पकड सारखी बसते, वजन मधोमध राहते आणि घोडा बिथरला तरी स्वार सावरतो. फॅनीबाईंच्या नजरेतून लुगड्याची ही करामत सुटली नाही.

अर्थात घरोघरच्या लेकीसुना घोड्यावर बसत होत्या, असे कोणी समजू नये. ज्या घरी पागा, त्या घरी घोडा. आणि घोडा असेल तिथेच मुलगी शिकणार. ही विद्या सरदार-शिलेदारांच्या कुळांतली. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, स्वाऱ्या संपल्या, पागा मोडल्या. घोडा दाराशी राहिला नाही तशी विद्याही गेली. तरी फत्तेगडच्या त्या भेटीनंतर तेवीस वर्षांनी, एप्रिल १८५८ मध्ये, झाशीची लक्ष्मीबाई वेढा फोडून घोड्यावरून काल्पीकडे निघून गेली. वरसईच्या गोडसे भटजींनी 'माझा प्रवास'मध्ये तिच्या रोजच्या रपेटीचे वर्णन केले आहे. ती आकाशातून पडलेली वीज नव्हती. तिच्यामागे अशा कितीतरी अनाम मुलींची रिंगणे होती.

तिकडे विलायतेतही विसाव्या शतकात बायका हळूहळू टांग टाकून बसू लागल्या. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये घोड्याच्या शिस्तबद्ध चालीच्या स्पर्धेत बायकांना प्रथमच पुरुषांच्या बरोबरीने उतरता आले. डेन्मार्कच्या लिस हार्टेल या बाईने त्यात रौप्यपदक मिळविले. पोलिओने तिचे गुडघ्याखालचे पाय लुळे पडले होते. घोड्यावर चढायला तिला मदत लागे. चढल्यावर मात्र नाही.

आत्याबाई सारे ऐकून घेत होत्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "राज्य गेलं, लेक गेली, तरी त्या बाईनं नातीचा घोडा सोडवला नाही, नाही का?" आणि उठून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी शिबिराचे पैसे त्यांनीच भरले.

यंदा अंगणात किल्ला झाला आहे. बाजारात मातीचे घोडेस्वार पुष्कळ मिळाले, पण सगळे मिशीवाले! भाचीने एकाची मिशी खरवडली, त्याला हिरव्या कागदाचे लुगडे नेसविले आणि काष्टा घालून महादरवाजापाशी उभे केले. पणतीच्या उजेडात ती स्वारीण मोठी ऐटदार दिसते. नाव विचारले तर भाची म्हणते, "गजराराजा."