उद्यानातील प्रतिमा आणि वृद्ध शिल्पी

मन्नाएखेळ्ळीहून हमरस्त्याने पश्चिमेस निघालेला भाविक हुमनाबादेजवळ माणिकनगरास श्रीमाणिकप्रभूंच्या समाधीचे दर्शन घेतो आणि पुढे बसवकल्याणास जातो. तेथे महात्मा बसवेश्वरांची १०८ फूट उंचीची मूर्ती २०१२ मध्ये उघड्या आकाशाखाली उभारली गेली. गाभारा नाही, कळस नाही, अशा मूर्तींपुढे आपल्या घरातील वृद्ध माणसे हात जोडतात खरी. परंतु त्यांच्या मनात एक शंका राहते. जेथे प्राणप्रतिष्ठा नाही, त्रिकाळ पूजा नाही, ऊन व पाऊस हाच ज्याचा अभिषेक, त्या प्रतिमेस काय म्हणावे? देव म्हणावे की शोभा? शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर शोधताना याच कल्याण नगरीकडे वळावे लागते.

कल्याण ही चालुक्यांची राजधानी. त्या वंशातील भूलोकमल्ल तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९च्या सुमारास ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिन्तामणि’ हा संस्कृत ग्रंथ रचला. मराठी भाषेतील गेय पदांचे फार जुने नमुने याच ग्रंथात सापडतात, ही गोष्ट सीमाभागातील आपल्या वाचकांस विशेष गोड वाटेल. या राजाने आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच विंशतीत देवप्रतिमा ओतण्याचा विधी सांगितला आहे. प्रथम मेणाची मूर्ती घडवावी. मातीत जाळलेला तुसाचा कोळसा, बारीक कातरलेला कापूस व थोडे मीठ घालून ती गुळगुळीत शिळेवर वाटावी आणि मेणावर तिचे तीन लेप द्यावेत. पहिला लेप पातळ असावा व तो सावलीतच वाळवावा. दोन दिवसांनी दुसरा द्यावा. नंतर मेण वितळवून काढावे आणि त्या पोकळीत धातूचा रस सोडावा. मेणाच्या वजनावरून धातूचे वजन ठरवण्याचा हिशोबही दिला आहे: चांदी बारापट, सोने सोळापट. राजसभेत बसून असे लिहिता येत नाही. ओताऱ्याच्या भट्टीजवळ कोणीतरी पुष्कळ वेळ उभे राहिले असले पाहिजे.

ही विद्या लुप्त झाली नाही, हे अलीकडे गोमंतकात दिसून आले. काणकोण तालुक्यात कुशावती नदीच्या तीरी असलेल्या श्रीसंस्थान गोकर्ण पर्तगाळी जीवोत्तम मठाची परंपरा १४७५ पासूनची. तिला ५५० वर्षे पूर्ण झाली, त्या महोत्सवात २८ नोव्हेंबर २०२५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते प्रभू श्रीरामचंद्रांच्या ७७ फूट उंच कांस्यमूर्तीचे अनावरण झाले. मठाने रामायणाच्या विषयावरील उद्यानही सिद्ध केले आहे. या मूर्तीचे शिल्पकार राम वनजी सुतार यांचे वय त्या दिवशी शंभर वर्षे नऊ महिन्यांचे होते.

सुतारांचा जन्म १९ फेब्रुवारी १९२५चा, धुळे जिल्ह्यातील गोंदूर गावचा. वडील सुतारकाम करीत. श्रीराम कृष्ण जोशी या गुरूंनी मुलाचा हात ओळखून त्यास मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेची वाट दाखवली. तेथे १९५३ मध्ये त्यांस मेयो सुवर्णपदक मिळाले. पुढे काही वर्षे पुरातत्त्व खात्याच्या नोकरीत अजिंठा व वेरूळ येथील भग्न शिल्पांच्या दुरुस्तीचे काम त्यांनी केले. कोणाही मूर्तिकारास याहून मोठी पाठशाळा मिळाली नसती. ज्या अज्ञात हातांनी कैलास लेणे कोरले, त्यांच्या छिन्नीची दिशा ओळखल्याशिवाय तुटलेले बोट जोडता येत नाही. चंबळेवरील गांधीसागर धरणापाशी त्यांनी घडवलेली ४५ फुटी चंबळमाता आणि तिच्याजवळची मध्य प्रदेश व राजस्थान ही दोन बालके, कुरुक्षेत्री ब्रह्मसरोवराच्या काठचा श्रीकृष्णार्जुनांचा कांस्यरथ, नर्मदेकाठी १८२ मीटर उंच सरदार पटेल, ही कामे सर्वश्रुत आहेत. सर्व उघड्यावरची. पुत्र अनिल सुतार हेही या कामात त्यांच्यासमवेत होते.

उघड्यावरच्या उंच मूर्तीत खरी परीक्षा प्रमाणाची असते. वराहमिहिराने बृहत्संहितेत दाशरथी रामाची प्रतिमा एकशेवीस अंगुळांची सांगितली आहे, आणि हे अंगुळ मूर्तीचे स्वतःचे, शिल्प्याच्या बोटाचे नव्हे. हाच हिशोब ७७ फुटांस लावला तर एक अंगुळ पावणेआठ इंचांच्या जवळपास येते. परंतु पायाशी उभ्या असलेल्या माणसास मस्तक लहान व पाय थोर दिसतात, म्हणून केवळ गणित पुरत नाही; मातीच्या लहान नमुन्यातच पाहणाऱ्याची नजर कोठून येणार हे ताडावे लागते. मग तुकडे निरनिराळे ओतून सांधायचे. एवढे करूनही मुखावर शांती उतरली नाही तर उरते ती केवळ उंची. आणि अशी उंची आजकाल पुष्कळ ठिकाणी पाहावयास मिळते.

आता मूळ शंका. भागवताच्या एकादश स्कंधात प्रतिमा आठ प्रकारच्या सांगितल्या आहेत. त्यांत धातू व पाषाण आहेत, तशी चित्रातील, वाळूची व मनातलीही आहे. ज्या शास्त्राने नदीकाठी वाळूत केलेली प्रतिमा स्वीकारली, ते उद्यानातील कांस्यमूर्तीस परके मानणार नाही. तथापि गाभाऱ्यातील अर्चामूर्तीची जागा ती घेत नाही. पर्तगाळीस मठाच्या उपास्य देवतांची पूजा पूर्वीप्रमाणेच आत चालते. बाहेरचा राम, जो सोवळे नेसून आत येणार नाही, त्या वाटसरूसाठी उभा आहे. त्यास फूल वाहावे की नुसते पाहावे, हे त्या वाटसरूवर सोडलेले बरे.

कल्याणच्या सोमेश्वराने मातीचे लेप मोजून लिहिले, पण ओताऱ्यांपैकी एकाचेही नाव लिहिले नाही. पर्तगाळीच्या शिल्प्याचे नाव मात्र सर्वांस ठाऊक आहे. अनावरणानंतर एकोणिसाव्या दिवशी, १७ डिसेंबर २०२५ रोजी, राम सुतार नोएडा येथे निवर्तले.