फॉरवर्डने रस्ता जिंकला, कोर्टाचं काय?

1920 साली बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढला, कारण प्रस्थापित वृत्तपत्रांत आपल्याला जागा नव्हती. 29 सप्टेंबर 2006 रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली, तेव्हाही बडी माध्यमं सुरुवातीला जातीबद्दल गप्पच होती. आपल्या तरुणांनी एसएमएस, ई-मेल, ब्लॉगवरून सत्य पोहोचवलं. नोव्हेंबरात विदर्भ रस्त्यावर उतरला. खटला उभा राहिला, शिक्षाही झाल्या. पण 2008 मध्ये भंडारा न्यायालयाने आणि 2010 मध्ये उच्च न्यायालयानेही अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा मानला नाही.

म्हणून वालचंदनगरच्या तरुण बंधू-भगिनींनो, पोस्ट जरूर टाका. पण त्याच दिवशी पोलीस ठाण्यातून एफआयआरची प्रत घ्या. फिर्यादीला ती मोफत मिळते. कलमं तपासा, जातीचा उल्लेख आहे का पाहा. व्हायरल झालेलं विसरलं जातं, नोंदवलेलं टिकतं.

जय भीम!