धंदा सांभाळून केलेली सेवा

कोणत्याही मध्यम वस्तीच्या गावात शिरताना वेशीपाशी बहुधा एक पाटी दिसते. तिच्यावर दातेरी सोनेरी चाक आणि खाली स्वागताचे दोन शब्द. पुढे एस.टी.च्या थांब्यावर, इस्पितळातल्या पाण्याच्या टाकीवर तेच चाक पुन्हा भेटते. हे रोटरी क्लबचे चिन्ह. क्लब म्हणजे गावातले डॉक्टर, वकील, कारखानदार. ठरल्या वारी बैठक, थोडे भाषण आणि बरेचसे जेवण! अशी कोपरखळी मारण्याचा मोह मलाही होतो. पण या मंडळींचा मूळ इतिहास पाहिला, की थट्टा जरा आवरती घ्यावी लागते.

पॉल हॅरिस हा अमेरिकेतल्या व्हरमाँट प्रांतातल्या एका खेड्यात, आजीआजोबांच्या घरी वाढलेला मुलगा. वकील होऊन तो १८९६ साली शिकागोला आला. पक्षकार मिळाले, बस्तान बसले; पण रविवारी दोन शब्द बोलायला माणूस मिळेना. खेड्यात वाण्यालाही नावाने हाक मारायची सवय. इथे शेजारच्या कचेरीतला गृहस्थही परका. अखेर २३ फेब्रुवारी १९०५ रोजी चौघेजण एका कचेरीत जमले: हॅरिस, एक कोळशाचा व्यापारी, एक खाणींचा इंजिनिअर आणि एक शिंपीकामाचा व्यापारी. पुढच्या बैठका आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरू लागल्या, आपल्याकडे भिशी घरोघर फिरते तशा. या फिरण्यावरूनच ‘रोटरी’ हे नाव पडले.

आता खरी गंमत पुढेच आहे. या मंडळींच्या मनात सेवा वगैरे काही नव्हते. प्रत्येक धंद्यातला एकच सभासद घ्यायचा, आणि सर्वांनी आपापली कामे एकमेकांनाच द्यायची, असा सरळ हिशेबी बेत होता. कोणी कोणाला किती धंदा दिला याची नोंद ठेवायला एक सभासद मुद्दाम नेमलेला असे! १९०६ साली डोनाल्ड कार्टर नावाच्या पेटंटच्या वकिलाला सभासद होण्याचे आमंत्रण गेले. त्याने नियम वाचले आणि चक्क नकार दिला. शहराच्या उपयोगी न पडणाऱ्या मंडळाला भवितव्य नाही, असे त्याचे म्हणणे. मंडळींनी रागावण्याऐवजी त्यालाच दुरुस्ती सुचवायला सांगितले, आणि शहराचे हित हा तिसरा उद्देश घटनेत दाखल झाला. माझ्या मते रोटरीचा खरा जन्म हाच. नकार देणाऱ्याला आत घेण्याइतके मोठे मन किती संस्थांना असते?

पहिले मोठे काम कोणते, तर सार्वजनिक शौचालय! १९०७ साली ही खटपट सुरू झाली. विरोध मद्य बनवणाऱ्यांचा आणि मोठ्या दुकानांचा. पुरुषांसाठी गुत्ते आहेत, बायकांसाठी आमची दुकाने आहेत, मग शौचालय हवे कशाला, हा त्यांचा सवाल. म्हणजे नडलेल्या माणसाने आधी बिअर घ्यावी किंवा कापड! मंडळींनी चिकाटी सोडली नाही, आणि शहराच्या सभागृहाजवळ ते शौचालय उभे राहिले. आपल्या शहरांत बाजाराला निघालेल्या बायकांची आजही जी कुचंबणा होते, ती ठाऊक असणाऱ्याला या कामाचे हसू येणार नाही.

हळूहळू धंद्याकडे बघण्याची दृष्टीही बदलली. १९३२ साली हर्बर्ट टेलर या शिकागोच्या रोटरियनकडे भांडी बनवणारी एक बुडत चाललेली कंपनी आली. त्याने कामगारांसमोर चार प्रश्न ठेवले: हे खरे आहे का, सर्वांना न्याय्य आहे का, याने स्नेह वाढेल का, सर्वांचे भले होईल का? पहिल्या प्रश्नापाशीच जाहिरात अडली. आपली भांडी ‘सर्वांत उत्तम’ असल्याचे लिहिणे बंद करावे लागले. कंपनी तरीही तरली. हे प्रश्न रोटरीने १९४३ साली आपले म्हणून स्वीकारले.

आपल्या देशात हे चाक १९१९ साली कलकत्त्यास आणि १९२९ साली मुंबईस पोहोचले. पण मला मौज वाटते ती १९०५ या सालाची. त्याच वर्षी १२ जून रोजी पुण्यात गोपाळ कृष्ण गोखल्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. तिथला सभासद स्वतःसाठी पैसा न मिळवण्याची शपथ घेई. समाज देईल तेवढ्यात संसार चालवी. शिकागोची मंडळी धंदा सोडायला तयार नव्हती. पुण्याची मंडळी धंदा सोडूनच आत येत. मन गोखल्यांच्या बाजूला झुकते, हे खरे. पण सगळ्या गावाने संसार सोडला तर चूल पेटायची कशी? दुकान आणि दवाखाना न सोडणाऱ्या माणसाकडूनही समाजाला काही मिळावे, ही सोय शिकागोने काढली.

एका बाबतीत मात्र शिकागो फार मागे राहिले. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानड्यांनी गोखल्यांच्याच समाजातल्या गोपाळ कृष्ण देवधरांच्या साथीने सेवासदन उभे केले. रोटरीत स्त्रियांना मज्जाव होता. कॅलिफोर्नियातल्या डुआर्टे गावच्या क्लबाने १९७७ साली तीन स्त्रियांना सभासद करून घेतले, तेव्हा त्या क्लबाचीच मान्यता काढून घेण्यात आली. वाद वरच्या न्यायालयापर्यंत गेला, १९८७ साली निकाल स्त्रियांच्या बाजूने लागला, आणि १९८९ मध्ये जगभरच्या क्लबांची दारे त्यांना उघडली. पहिली स्त्री जागतिक अध्यक्ष व्हायला मात्र २०२२ साल उजाडले.

पोलिओचे काम रोटरीने १९८५ साली जगभर हाती घेतले. आपल्याकडच्या पोलिओ रविवारी पिवळ्या टोप्या घातलेली ही मंडळी केंद्रांवर दिसत. पैसा, प्रचार, थंड पेट्यांची धावपळ, असे पुष्कळ त्यांनी केले. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त ठरला. पाटीवर नाव नसलेल्या अंगणवाडीच्या बाई मात्र दुसऱ्या दिवशीही खडूने खुणा केलेली दारे शोधत गल्ल्यांतून फिरत असत. काल राहून गेलेले एखादे पोर कुठे झोपले आहे का, ते पाहायला.