उपास आणि उपासमार : स्वादुपिंडातील द्वीपकांच्या इतिहासाची दुसरी बाजू

उपास व उपासमार हे दोन शब्द एकाच कुळातले असले तरी मराठी भाषा त्यांची गल्लत कधीच करीत नाही. उपास मनुष्य स्वेच्छेने करतो. उपासमार त्याच्यावर ओढवते. ‘उप’ आणि ‘वस्’ यांपासून बनलेल्या ‘उपवास’ ह्या शब्दाचा मूळ अर्थ जवळ राहणे एवढाच असून त्यात अन्नत्यागाचा उल्लेखही नाही. ‘मार’ हे उत्तरपद जोडले जाताच मात्र त्याच शब्दाला दुष्काळाची छाया येते. हा भेद केवळ भाषेपुरता नसून स्वादुपिंडातील द्वीपकांच्या संशोधनाच्या इतिहासातही तो आढळतो, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

पाउल लांगरहान्स ह्याने १८६९ साली बर्लिन येथील आपल्या प्रबंधात स्वादुपिंडातील फिकट पेशींच्या लहान लहान पुंजक्यांचे वर्णन केले. त्यांचे कार्य त्याला सांगता आले नाही. १८८९ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे मिंकोव्स्की व फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले असता त्यास मधुमेह जडला. १८९३ मध्ये लागेस ह्या फ्रेंच संशोधकाने त्या पुंजक्यांस लांगरहान्सचे नाव दिले. त्यांतून स्रवणाऱ्या द्रव्यास पुढे ‘इन्सुलिन’ हे नाव मिळाले. बेट ह्या अर्थाच्या ‘इन्सुला’ ह्या लॅटिन शब्दावरून ते आलेले आहे.

आहार कमी केल्याने रोग मंदावतो, हे द्वीपकांचे कार्य कळण्यापूर्वीच ध्यानात आले होते. १८७०–७१ मध्ये पॅरिसला वेढा पडला असता अन्नटंचाईमुळे काही मधुमेही रुग्णांच्या मूत्रातील साखर नाहीशी झाल्याचे बूशार्दा ह्या वैद्याने पाहिले. फ्रेडरिक ॲलन ह्याने स्वादुपिंडाचा बराच भाग काढलेल्या कुत्र्यांवर प्रयोग केले. भरपूर खाऊ घातलेल्या कुत्र्यांच्या उरलेल्या द्वीपकांतील बीटा पेशी पाणथळ होऊन नष्ट होत. मोजके अन्न दिल्यास त्या टिकत. १९१४ पासून न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत त्याने रुग्णांना कडक लंघन घडविले. त्यामुळे कित्येकांचे आयुष्य वाढले. परंतु काही जण रोगाने नव्हे, भुकेनेच मेले. १९२२ साली टोरांटो येथे इन्सुलिनचा उपयोग सुरू झाल्यावर ही पद्धती मागे पडली. मूळ कल्पनेस मात्र २०११ साली न्यूकॅसल येथे नवा आधार मिळाला. तेथे अकरा रुग्णांना आठ आठवडे रोज सुमारे ६०० उष्मांकांचा आहार दिला असता स्वादुपिंडातील मेद घटला व बीटा पेशींचे कार्य पुष्कळसे पूर्ववत झाले. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ह्या प्रकारच्या फराळाने असा लाभ होत नाही, हे सांगणे न लगे.

ही झाली उपासाची बाजू. उपासमारीची बाजू उष्ण कटिबंधातील देशांत पुढे आली. १९५५ साली जमैकात कृश मधुमेही रुग्णांचा एक वेगळा गट नोंदला गेला. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये कुपोषणजन्य मधुमेहास वर्गीकरणात स्थान दिले, आणि १९९९ मध्ये ते काढून घेतले. तथापि १९९२ मध्ये हेल्स व बार्कर यांनी गर्भावस्थेतील कुपोषणाने द्वीपकांची वाढ खुंटते, असा सिद्धान्त मांडला होता. त्याच दिशेचा अभ्यास महाराष्ट्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातर्फे १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २·७ किलोग्रॅम होते. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनचे ३·५. पण पुण्याकडील बालकांत स्नायू उणे असूनही कातडीखालचा मेद तुलनेने राखलेला आढळला. २०२२ मध्ये वेल्लोर येथील कृश रुग्णांच्या अभ्यासात इन्सुलिनला होणारा शरीराचा विरोध नव्हे, तर इन्सुलिनचा स्रावच उणा असल्याचे दिसले. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने ह्या रोगास ‘प्रकार ५’ म्हणून मान्यता दिली.

ह्या भेदाची एक जुनी नोंद आपल्याकडे आहे. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे सहज व अपथ्यनिमित्तज असे दोन भेद असून पहिल्यातील रोगी कृश, तर दुसऱ्यातील स्थूल म्हटला आहे. स्थूलास अपतर्पण, म्हणजे अन्न कमी करणे, सांगितले आहे. कृशास संस्कारित अन्नपानासह उपचार. सुश्रुतास द्वीपके ठाऊक नव्हती. म्हणून आधुनिक शोध त्याच्या पदरी बांधणे योग्य नव्हे. परंतु रोग्याचे शरीर पाहून मग अन्नाविषयी बोलावे, हा विवेक त्याच्यापाशी होता.

ह्या इतिहासाचे महत्त्व भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात विशेष जाणवते. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा धानाचा मुलूख. पूर्वी तो मध्य प्रांतात असे, आणि १८९६–९७ व १८९९–१९०० च्या दुष्काळांनी तो प्रांत होरपळला होता. धानाच्या उभ्या पिकात उतेरा पद्धतीने पेरलेली लाखोळी येथील गरिबाची डाळ. ज्या घरी भात असतो पण त्याबरोबरचे वरण पुरेसे नसते, त्या घरचा कृश मजूर आणि बैठे काम करणारा स्थूल कर्मचारी दवाखान्यात एकाच रांगेत उभे राहतात. दोघांच्याही कागदावर ‘मधुमेह’ हाच शब्द लिहिला जातो. एकास ‘खाणे कमी करा’ हा सल्ला औषधासारखा लागू पडेल. दुसऱ्यास तोच सल्ला त्याच्या जुन्या उपासमारीत भर घालील. मराठीने हे दोन शब्द निराळे ठेवले आहेत. सल्ला देणाऱ्यानेही ते निराळे ठेवले पाहिजेत.