कारंजा लाड : सोनं गेलं, पोथ्या राहिल्या

आज आपल्याला जायचंय कारंज्याला. कोणतं कारंजा? तर लाडाचं. आता ते वाशिम जिल्ह्यात आहे, पण १९९८ पर्यंत आपल्या अकोला जिल्ह्यातच होतं. समृद्धी महामार्गावर नावाची पाटी दिसते आणि गाडी भुर्रकन पुढे निघून जाते. तर आज जरा थांबू या.

नाव करंज ऋषींवरून पडलं असं गावात सांगतात, ऋषी तलावही आहे. जुन्या तटबंदीला चार वेशी : दिल्ली, दारव्हा, मंगरूळ आणि पोहा. आता गंमत बघा, वेशीच्या नावात थेट दिल्ली! ज्या गावाचा व्यापार लांबवर, त्याच्या वेशीची नावंही लांबची.

हा पैसा किती होता? १६७० च्या ऑक्टोबरमध्ये सुरत दुसऱ्यांदा लुटली गेली आणि त्याच वर्षी मराठी फौज कारंज्यावर आली. जदुनाथ सरकार लिहितात की सोनं, चांदी, भारी कापड असा सुमारे एक कोटीचा ऐवज चार हजार बैल-गाढवांवर लादून नेला. मोठमोठे सावकार खंडणीसाठी धरले. सगळ्यात बडा मात्र बाईचा वेष घेऊन निसटला! बायकांना हात लावायचा नाही हा महाराजांचा दंडक त्यालाही ठाऊक असणार.

पण खरा खजिना वेगळाच होता. कारंज्यात दिगंबर जैनांच्या तीन परंपरांची मंदिरं आहेत : सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ. काष्ठासंघ मंदिरातलं लाकडी कोरीवकाम तर बघतच राहावं असं. या मंदिरांत हस्तलिखितांची भांडारं होती. पोथी नकलून घ्यायची आणि मंदिराला द्यायची, हे शास्त्रदान. म्हणजे आमच्या भाषेत बॅकअपच की!

विसाव्या शतकात अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवणारे डॉ. हिरालाल जैन या पोथ्यांकडे वळले. दहाव्या शतकातल्या पुष्पदंत कवीचं ‘णायकुमारचरिउ’ त्यांनी संपादित केलं आणि १९३३ मध्ये ते कारंज्यातूनच छापून आलं. भाषा अपभ्रंश, म्हणजे प्राकृत आणि आजच्या बोलींच्या मधली पायरी. मराठी कुठून आली हे शोधायचं, तर या पायरीवर थांबावंच लागतं.

बाकी बघायला नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, म्हणजे गुरुमंदिर आहे. गर्दी तिथे असतेच. मूर्तिजापूर-यवतमाळ शकुंतला मात्र आता धावत नाही. कापसासाठी टाकलेला तो अरुंद रूळ याच गावातून जातो.

सोनं गेलं. पोथ्या टिकल्या, कारण पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी त्यांची नक्कल करत राहिलं, वाळवीपासून जपत राहिलं. वेशींचं आणि शकुंतलेचं तसं करणारं कोण आहे, हा प्रश्न आपल्यासाठी. पुढच्या वेळी कारंज्याची पाटी दिसली की गाडी वळवा, अन् आधी दिल्ली वेस बघून या.

भेटू पुढच्या भागात!